खाचराची पैसेवारी

सप्टेंबर सरत आला की मुळशी तालुक्यात गावोगावी पैसेवारीचं काम निघतं. आधी नजरअंदाज पैसेवारी, मग सुधारित, आणि डिसेंबरात अंतिम. तलाठी, कृषी सहायक आणि गावातली चार जाणती माणसं शेतात उतरतात, निवडलेल्या खाचरात ठरल्या मापाचा चौकोन आखतात, तेवढंच भात कापून झोडपतात, वजन करतात. त्या वजनावरून अख्ख्या गावाचा आकडा ठरतो. तो पन्नास पैशांच्या खाली गेला तर महसुलात सूट, कर्जवसुलीला स्थगिती, पोरांची परीक्षा फी माफ. वर राहिला तर पीक बरं आलं असं सरकार धरून चालतं. इंग्रजी अमदानीत आणेवारी म्हणून रुजलेली ही रीत आजही चालू आहे आणि शेताच्या तब्येतीची इतक्या खालपर्यंत पोचलेली, वर्षानुवर्षं न चुकता होणारी दुसरी नोंद आपल्याकडे नाही.

पण ही नोंद फक्त दाण्याची असते. त्याच चौकोनात भाताखेरीज जे जे जगतं, त्याची स्थिती काय आहे, दहा वर्षांपूर्वीच्या मानाने ते वाढलं की खंगलं, हे विचारणारा रकाना कुठल्याही खात्याच्या कागदावर नाही. जंगलाबद्दल हा प्रश्न विचारला जातो, तलावाबद्दल विचारला जातो. शेताबद्दल नाही. मुळशीसारख्या तालुक्यात, जिथे डोंगर वन खात्याचे आणि पाणी टाटांचं असलं तरी मधली सगळी सपाटी आणि उताराचे टप्पे पिढ्यान् पिढ्या शेतकऱ्याने घडवलेले आहेत, तिथे हे न विचारणं मला फार मोठी चूक वाटते.

भाद्रपदात कोळवणच्या खोऱ्यात एखाद्या खाचराच्या बांधावर उकिडवं बसून पाण्याकडे बघावं. पाणी जेमतेम चार-सहा बोटं खोल. भाताच्या चुडांमधून बेडकांची पिल्लं शेपट्या हलवत फिरत असतात. पाण्याच्या कडेला, चिखल आणि बांध यांच्या सांध्यात, गेंदाची पांढरी बोंडं उभी असतात आणि त्यांच्यात सीतेच्या आसवांची निळी-जांभळी नाजूक फुलं. ही वनस्पती कीटकभक्षी आहे. तिच्या चिखलातल्या धाग्यांना मोहरीहूनही बारीक फुगे असतात, आणि त्यांच्या तोंडाशी एखादा सूक्ष्म जीव आला की पापणी लवायच्या आत तो आत ओढला जातो. नत्राचा तुटवडा असलेल्या जमिनीत तिने शोधलेली ही सोय आहे. म्हणूनच खाचरात युरियाचा हात सैल सुटला की सगळ्यात आधी पाय काढतात ती हीच झाडं: भरल्या ताटावर इतर तण उंच वाढतं आणि यांना झाकून टाकतं. बांधाच्या पोटात खेकड्याची बिळं असतात. बांध फोडून पाणी पळवणारा म्हणून शेतकरी त्याच्यावर खार खाऊन असतो आणि पहिल्या पावसानंतर रात्री बत्ती घेऊन त्यालाच धरायला निघतो. ओहोळातून चढणीचे मासे वर येतात ते याच दिवसांत. बांधावर कुर्डू, टाकळा, थोडं पुढे भारंगी. कवल्याची पिवळी फुलं. वरच्या टप्प्याच्या कडेला राबासाठी, म्हणजे रोपांची जागा भाजायला, टहाळ उतरवून उतरवून बुटका झालेला ऐन.

हे सगळं एकाच जागी, पण एकाच रूपात नाही. वैशाखात तीच जमीन भाजलेल्या राबाची काळी पट्टी असते. मृगात नांगरट, आर्द्रा-पुनर्वसूत चिखलणी आणि लावणी, तिथून हस्तापर्यंत ती पाणथळ असते. कार्तिकात कापणी झाली की ती खळं होते, ओल धरून असली तर वाल, हरभरा, मसूर अंगावर घेते, आणि फाल्गुनात गुरांसाठी मोकळी पडते. वर्षभरात तीन-चार अधिवास एकामागून एक त्याच बांधांच्या आत येऊन जातात. भारतीय बुलफ्रॉग, म्हणजे पहिल्या पावसात हळदीसारखा पिवळा पडून डरावणारा आपला मोठा बेडूक, याच वेळापत्रकावर बेतलेला आहे. त्याला तात्पुरतं, उथळ, मोठे मासे नसलेलं पाणी लागतं, आणि खाचर नेमकं तसं पाणी देतं. ह्याच बेडकाच्या तंगड्यांची निर्यात भारताने १९८७ साली बंद केली. बेडूक गेले तर शेतातले किडे कोण खाणार, हा त्या बंदीमागचा एक मोठा मुद्दा होता. शेताचा अधिवास म्हणून विचार करून आपण घेतलेला असा निर्णय मला तरी दुसरा चटकन आठवत नाही.

आता शेजाऱ्यांकडे पाहू. तालुक्याच्या पश्चिम टोकाला ताम्हिणीचं अभयारण्य आहे. ते २०१३ साली जाहीर झालं, क्षेत्र सुमारे पन्नास चौरस किलोमीटर. शेकरू, सदाहरित झाडी, वर्षाला हजारो मिलिमीटर पाऊस. त्याला कायदा आहे, सीमा आहे, व्यवस्थापन आराखडा लागतो. भारतीय वन सर्वेक्षण संस्था साधारण दर दोन वर्षांनी देशाच्या वनाच्छादनाचा अहवाल काढते. एक हेक्टरपेक्षा मोठी जागा आणि तिच्यावर दहा टक्के झाडांचं छत्र असलं की ती वनाच्छादनात धरली जाते, मग मालकी कोणाचीही असो. म्हणजे एखाद्याची आमराईही त्यात मोजली जाते. देवरायांकडे माधव गाडगीळ आणि वा. द. वर्तक यांनी १९७०च्या दशकात लक्ष वेधलं, तेव्हापासून पश्चिम महाराष्ट्रातल्या देवराया अभ्यासकांच्या नकाशावर आल्या. मुळशीचं धरण राष्ट्रीय पाणथळ नकाशाच्या हिशेबात जलाशय म्हणून बसतं.

आणि खाचर? २०१७ च्या पाणथळ जमीन नियमांत व्याख्या करतानाच भातशेती वगळून टाकली आहे. त्याआधीच्या २०१० च्या नियमांतही तेच होतं. तिकडे रामसर करारात भातखाचर मानवनिर्मित पाणथळ म्हणून गणलं जातं, आणि २००८ मध्ये कोरियातल्या चांगवॉन इथे झालेल्या परिषदेत भातखाचरांच्या जैवविविधतेसाठी स्वतंत्र ठरावही झाला. जगभरच्या परिसंस्थांचं जे वर्गीकरण आययूसीएनने अलीकडे केलं, त्यात भातखाचरांना स्वतःचा वर्ग आहे. आपल्या नियमकर्त्यांची अडचण मला कळते. भातशेतीला पाणथळीचे निर्बंध लावले असते तर कोकणपट्टी आणि मावळपट्ट्यातला शेतकरी स्वतःच्याच जमिनीत चोर ठरला असता. कायद्याच्या निर्बंधातून वगळणं योग्यच होतं. पण निर्बंधातून वगळताना आपण ते पाहणीतूनही वगळलं.

युरोपात याच्या उलट झालं, आणि त्यांना जे दिसलं ते आपण वाचण्यासारखं आहे. तिथे १९९२ च्या अधिवास निर्देशानुसार प्रत्येक देशाला दर सहा वर्षांनी ठरलेल्या अधिवासांची स्थिती कळवावी लागते. चार प्रश्न विचारले जातात: हा अधिवास कुठून कुठपर्यंत पसरलेला आहे, प्रत्यक्ष क्षेत्र किती उरलं आहे, त्याची घडण आणि त्यातली नेहमीची जीवजाती शाबूत आहे का, आणि पुढे काय दिसतं. चारपैकी एकाचंही उत्तर अगदी वाईट असेल तर सगळा अधिवास लाल. २००१ ते २००६ या काळाचा हिशेब जेव्हा लागला तेव्हा शेतीवर अवलंबून असलेल्या अधिवासांपैकी फक्त ७ टक्के नोंदी समाधानकारक निघाल्या. शेतीशी संबंध नसलेल्या अधिवासांत हे प्रमाण २१ टक्के होतं. दोन्ही आकडे वाईटच, पण शेतीकडचा जंगल-दलदलींच्या एक तृतीयांश. पक्ष्यांनीही तेच सांगितलं. २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात, २८ देशांतल्या नोंदी धरून, १९८० ते २०१६ या काळात शेतशिवारातले पक्षी निम्म्याहून जास्त घटल्याचं दिसलं. सगळ्या परिचित पक्ष्यांची मिळून घट पाव हिस्सा होती.

कारण एक नव्हतं. काही ठिकाणी शेती जास्त झाली: खत, औषध, यंत्र, मोठे तुकडे. काही ठिकाणी शेती सुटली: डोंगरातली गवताची कुरणं कापायला माणूस राहिला नाही आणि त्यांच्यावर झुडपं चढली. माणसाच्या हाताने टिकलेला अधिवास हात फार जड पडला तरी मरतो आणि हात उठला तरी मरतो. मुळशीत या दोन्ही गोष्टी एकाच शिवारात, कधीकधी शेजारशेजारच्या गटांत चालू आहेत.

ते चार प्रश्न आपल्या खाचराला लावून बघू. पसारा आणि क्षेत्र हे दोन एकत्रच घेतो.

मुळशीच्या भातक्षेत्राची गोष्ट सुरूच होते ती एका नुकसानापासून. नीला आणि मुळा या नद्यांच्या खोऱ्यातली तळाची, गाळाची जमीन म्हणजे इथलं सगळ्यात कसदार भाताचं शिवार. टाटांच्या वीजप्रकल्पाचं धरण तिथे आलं. १६ एप्रिल १९२१ ला, रामनवमीच्या दिवशी, मावळ्यांनी सत्याग्रह सुरू केला. पुढे सेनापती बापट आणि विनायकराव भुस्कुटे हे त्याचे चेहरे झाले. बावन्न गावांचा प्रश्न होता. ‘जान किंवा जमीन’ ही तिथली घोषणा. लोक हरले, खोरं बुडालं. आज आपण ज्या निळ्या पाण्याला सुंदर म्हणून थांबतो, त्याच्या तळाशी तालुक्यातली उत्तम खाचरं आहेत. त्यानंतर वर उरली ती बरीचशी उताराची, टप्प्याटप्प्याची, जास्त मेहनतीची शेती.

दुसरी लाट गेल्या तीस वर्षांतली. हिंजवडी हे माहिती-तंत्रज्ञानाचं शहर होण्याआधी मुळशी तालुक्यातलं एक शेतीचं गाव होतं. पिरंगुटला कारखाने आले, भूगाव-भुकूम पुण्याचं उपनगर झालं, मोसे खोऱ्यात लवासा उभं राहिलं. ही मोठी कामं सगळ्यांना दिसली, त्यांवर खटले झाले, लेख आले. तिसरी लाट मात्र गुपचूप चालू आहे: दहा-पंधरा गुंठ्यांचे प्लॉट, तारेचं कुंपण, लोखंडी फाटक, जेसीबीने सपाट केलेले चार बांध, बोअर, हिरवळ आणि कडेने लावलेले शोभेचे ताड. उपग्रहाच्या चित्रात ही जागा हिरवीच दिसते, कदाचित जास्त हिरवी. पण तिथे आता चार महिने पाणी थांबत नाही. बेडकाच्या दृष्टीने ती जागा इमारतीपेक्षा फार वेगळी नाही.

पश्चिम घाटासाठी पर्यावरणीय संवेदनशील क्षेत्राचा जो मसुदा २०१४ पासून पुन्हा पुन्हा निघतो आहे, त्याचा सहावा अवतार ३१ जुलै २०२४ चा. महाराष्ट्रातलं सुमारे १७,३४० चौरस किलोमीटर क्षेत्र त्यात आहे. त्यातली बंदी खाणी, औष्णिक वीज, अतिप्रदूषक उद्योग आणि वीस हजार चौरस मीटरच्या वरच्या बांधकामांवर. गुंठेवारीने तुटणारं खाचर या चाळणीतून सहज खाली पडतं. मुळात ज्या कस्तुरीरंगन समितीच्या २०१३ च्या अहवालावर हा मसुदा उभा आहे, तिने पश्चिम घाटाचे दोन भाग केले: एक नैसर्गिक भूप्रदेश, आणि दुसरा वस्ती-शेती-बागांचा सांस्कृतिक भूप्रदेश. दुसरा भाग सुमारे साठ टक्के. संवेदनशील म्हणून जे ३७ टक्के क्षेत्र सुचवलं गेलं ते पहिल्या भागातलं. साठ टक्के घाट असा एका रेघेने जैवविविधतेच्या हिशेबाबाहेर गेला, आणि त्याबद्दल फार कोणाला वाईटही वाटलं नाही, कारण वादाचा सगळा जोर सुचवलेल्या सदतीसवर होता.

तिसरा प्रश्न घडणीचा, आणि इथे गुंता आहे. जुनं खाचर म्हणजे आंबेमोहोर, शेणखत, राब, हाताने बेणणी, बांधावर झाडं. आंबेमोहोर उंच वाढतो, वाऱ्यापावसात लोळतो, उतारा कमी देतो. वडगाव मावळच्या भात संशोधन केंद्राने आंबेमोहोर आणि आयआर-८ यांच्या संकरातून इंद्रायणी काढला, तो १९८७ साली प्रसारित झाला, आणि आज या पट्ट्याचा भात म्हणजे बहुतांशी इंद्रायणी. त्याने घरं चालवली. त्याला दोष देणं बरोबर नाही. नारायण सावंतांच्या चारसूत्री पद्धतीत खताच्या ब्रिकेट चिखलात खोचल्या जातात, गिरिपुष्पाचा पाला गाडला जातो. त्यात युरिया पाण्यात मोकळा सुटत नाही, म्हणजे खाचरातल्या बारीक जीवांच्या दृष्टीनेही ती फेकून दिलेल्या खतापेक्षा बरी असणार. नेरळच्या चंद्रशेखर भडसावळेंचं सगुणा राईस तंत्र नांगरट आणि चिखलणीच बंद करतं. गादीवाफ्यावर भात, मुळं जमिनीतच, गांडुळं वाढतात, मजुरी वाचते. पण त्यात तणनाशक लागतं आणि पाणी उभं राहत नाही. मातीच्या खात्यात जमा, पाणथळीच्या खात्यात वजा. असा हिशेब कोणीतरी शिवारात बसून मांडायला हवा. आज तो मांडलाच जात नाही, म्हणून शेतकऱ्याला दिला जाणारा सल्ला एका बाजूचाच असतो.

बांधाचं मात्र सरळ आहे. दगडमातीचा, गवत धरलेला, खेकड्याने पोखरलेला, दर वर्षी लिंपलेला बांध हा खाचरातल्या निम्म्या जीवांचं घर आहे. तो काढला, सिमेंटने बांधला किंवा तणनाशकाने उघडा केला की उरते ती पिकाची पेटी. आणि उलट, शेत पडीक टाकलं की एक-दोन पावसाळ्यांत बांध फुटतो, टप्पा निचरतो, रानमोडी आणि घाणेरी शिरते. ‘निसर्ग परत आला’ असं शहरातल्या पाहुण्याला वाटतं. मला तसं वाटत नाही. परत येतं ते जंगल नसतं, आणि गेलेलं तर पाणथळ असतं.

जीवजातींबद्दल मुळशीपुरते दीर्घकाळचे आकडे गोळा झालेले नाहीत, पण देशाचं चित्र ‘भारतातील पक्ष्यांची सद्यःस्थिती’ या २०२३ च्या अहवालात आहे. तीस हजारांवर पक्षीनिरीक्षकांच्या नोंदी, ९४२ जाती. ज्या ३३८ जातींचा लांब पल्ल्याचा कल काढता आला, त्यांतल्या २०४ घटलेल्या. मोर वाढला, हे मुळशीतल्या कुठल्याही वालाच्या शेतकऱ्याला विचारावं. घटलेल्यांत चास आहे, तारेवर बसून शेतातले नाकतोडे टिपणारा निळ्या पंखांचा आपला ओळखीचा पक्षी. त्याची घट तीस टक्क्यांहून जास्त आहे, आणि जागतिक लाल यादीत त्याचं पुन्हा मूल्यमापन व्हावं असं त्या अहवालाने सुचवलं. गवताळ माळावरच अवलंबून असलेल्या पक्ष्यांची अवस्था याहून वाईट. मुळशीच्या पूर्वेकडचे गवताचे डोंगरउतार, जिथे गवत राखून कापलं जायचं, ते युरोपातल्या कुरणांचे खरे सोयरे. सरकारी नकाशांत अशा जागा पडीक म्हणून रंगवल्या जातात आणि पावसाळ्यात उत्साहाने त्यांच्यावर खड्डे खणून झाडं लावली जातात.

इथे एक गोष्ट स्वच्छ सांगितली पाहिजे. शेत हे जंगलाच्या तोडीचं आहे असा माझा दावा नाही. कोकणातल्या सड्यांवर, म्हणजे खडकाळ पठारांवर, अलीकडे उभयचरांचा जो अभ्यास झाला, त्यात मोकळ्या सड्यांच्या तुलनेत भातशेतीत बदललेल्या जागी उभयचरांची विविधता कमी आढळली. सडा फोडून खाचर करणं हे नुकसानच आहे. ताम्हिणीच्या झाडीतला किंवा देवराईतला जीव खाचरात जगणार नाही. पण उलटही खरं आहे: खाचरातला पिवळा बेडूक, सीतेची आसवं, ढोकरी, चास यांना देवराई सांभाळू शकत नाही. अकोले तालुक्यातल्या ऊसपट्ट्यात, जंगल जवळपास नसताना, वन्यजीव अभ्यासक विद्या अत्रेय आणि सहकाऱ्यांना शंभर चौरस किलोमीटरमागे जवळजवळ पाच बिबटे मिळाले, तेव्हा वन्यजीव कुठे राहतात याबद्दलच्या आपल्या कल्पनेलाच धक्का बसला होता. तो धक्का बिबट्यापुरताच राहिला. बेडकापर्यंत पोचला नाही.

चौथा प्रश्न पुढच्या दिवसांचा. लावणीला माणूस मिळत नाही, मिळाला तर मजुरी परवडत नाही, रानडुक्कर रातोरात टप्पा उलथतं, नुकसानभरपाईचे हेलपाटे भातापेक्षा महाग पडतात; पोरं हिंजवडीत किंवा पिरंगुटला कामाला. अशा घराकडे दर आठवड्याला एक एजंट येतो. खाचर विकणाऱ्याला दोष देण्याचा अधिकार मला तरी नाही. त्या खाचरातल्या पाण्याची, बेडकांची, झिरपून विहिरीला मिळणाऱ्या ओलीची किंमत आजवर कोणी त्याला सांगितली नाही, दिली तर नाहीच.

म्हणून माझी पैसेवारी अशी. पसारा आणि क्षेत्र: लाल, आणि त्याबद्दल वाद होईल असं वाटत नाही. घडण: पौडच्या पूर्वेला लाल, कोळवण आणि वरच्या खोऱ्यांत अजून पिवळी. जीवजाती: ठरवायला पुरेशी नोंद नाही, आणि हे उत्तर सगळ्यात जास्त खटकणारं. पुढचा काळ: लाल. ताम्हिणीच्या अभयारण्याला हेच प्रश्न लावले तर वणवे, पर्यटकांची गर्दी, रस्ता असं सगळं धरूनही निदान क्षेत्राचा रकाना हिरवा येईल. मुळशीत आज धोक्यात जास्त काय, असं कोणी विचारलं तर मी जंगलाआधी खाचराचं नाव घेईन.

नोंदीसाठी नवीन यंत्रणा उभारायची गरज नाही. २००२ च्या जैवविविधता कायद्याखाली प्रत्येक गावाला लोकजैवविविधता नोंदवही करायला सांगितली आहे. हरित लवादाने मुदत घालून दिल्यावर देशभर अनेक ठिकाणी त्या घाईघाईने लिहून झाल्या. त्या पुन्हा उघडून त्यांत शिवाराची पानं दरवर्षी भरता येतील. ई-पीक पाहणीत २०२१ पासून शेतकरी स्वतःच मोबाइलवर उभ्या पिकाचा फोटो आणि जागा नोंदवतो आहे. त्यात बांध दगडमातीचा की सिमेंटचा, बांधावर झाड आहे का, पाणी किती आठवडे उभं राहिलं, एवढे तीन प्रश्न वाढवले तर तालुक्याचा नकाशा एका हंगामात तयार होईल. पैसेवारीचा चौकोन आखलेलाच असतो. त्याच चौकोनात, त्याच दिवशी, जवळच्या हायस्कुलाची पोरं चुडांच्या बुंध्याशी काय काय आहे ते मोजू शकतील.

आणि मोजून झाल्यावर पैसा कुठून, तर त्याचीही वाट आधीपासून आहे. मजगी, म्हणजे भातखाचरांची बांधबंदिस्ती आणि जुन्या खाचरांची दुरुस्ती, हे मृदसंधारणाच्या आणि रोजगार हमीच्या यादीतलं ओळखीचं काम आहे. आज ते माती वाहून जाऊ नये म्हणून होतं. ज्या गावात आंबेमोहोर अजून लावला जातो, ज्या बांधावर ऐन उभा आहे, जिथे पाणी हस्तापर्यंत टिकतं, त्या गटांना मजगीत पहिला क्रम द्यावा, आणि बांध मातीचाच राहील अशी अट घालावी. आंबेमोहोराला भौगोलिक मानांकन मिळालेलं आहे. त्या नावाने पुण्यात जो तांदूळ चढ्या भावाने विकला जातो, त्यातला वाढीव पैसा कोळवणच्या बांधापर्यंत पोचतो का, हेही त्याच नोंदवहीत एका पानावर लिहिलं जावं. ग्रामपंचायत पातळीवरची जैवविविधता समिती, कृषी सहायक आणि तलाठी ही मंडळी एका टेबलाशी बसली तर पुढच्या खरिपापासून हे सुरू होऊ शकतं. पौडच्या तहसील कचेरीत त्यासाठी एक बैठक पुरेल.